दोन जोड आणि ओट्यावरचा काटा

रविवारी सकाळी साडेनऊला स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार बूट मांडलेले होते, आणि त्यांतले खरे कुठले हे घरातल्या तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

तिघं म्हणजे ताई, भावोजी आणि मोजपट्टी. मोजपट्टी ही ताईची मावसबहीण. पदार्थविज्ञानाची पदवी हाती पडून चार महिने झालेली, आठवडाभरासाठी परदेशात ताईकडे आलेली. लहानपणी वाटणीला आलेली कलिंगडाची फोड ती दोरीनं मापून घ्यायची, तेव्हापासून घरात तिला हेच नाव. तिच्या शिक्षणाचा भार थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, उचलला होता. निघताना त्यानं एवढंच मागितलं, "त्या कंपनीचे तपकिरी बूट आण. पण खरे आण हं, नकली नको."

ताई नेमकी त्याच कंपनीच्या शोरूममध्ये कामाला होती. दादाचा आणि भावोजींचा पाय एका मापाचा. पण भावोजी रुग्णालयात लिफ्ट दुरुस्त करणारे, त्यांना शोरूमपर्यंत यायला सवड कुठली? म्हणून शनिवारी सुटताना ताईनं कपाटात मांडलेला जोड गुपचूप पिशवीत घातला. बिल नाही, परवानगी नाही. रविवारी घालून बघायचा आणि दुपारी परत मांडून ठेवायचा, असा तिचा हिशेब. गेल्याच महिन्यात एका विक्रेत्यानं पॉलिशची अर्धी डबी घरी नेली होती, तर संध्याकाळच्या आत त्याला घरचा रस्ता दाखवला होता. ताईला हे माहीत होतं. तरी बहिणीसाठी तिनं मन घट्ट केलं.

इकडे मोजपट्टीनं त्याच संध्याकाळी पदपथावरच्या बाजारातून हुबेहूब तसाच नकली जोड विकत घेतला. दादाला द्यायला नव्हे. दहापट किमतीचा फरक नक्की कशात असतो, हे बघितल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती.

आणि बघायचं तर नीट बघायचं. खरा कुठला हे आधीच ठाऊक असेल तर डोळे पक्षपात करतात, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. म्हणून तिनं नकली जोडावरची किमतीची चिकटपट्टी खरवडून काढली, दोन्ही जोडांतले बूट आपापल्या नाड्यांनी एकमेकांना बांधले आणि भावोजींना म्हणाली, "मी बाहेर जाते. तुम्ही एकावर एक आकडा लावा, दुसऱ्यावर दोन. कुठला खरा ते लक्षात ठेवा, मला सांगू नका."

मग ती आत आली आणि कामाला लागली. काट्यावर पहिला जोड आठशे चौदा ग्रॅम, दुसरा आठशे वीस. टाके मोजले, तर दोन्हीकडे बोटाच्या एका पेरात नऊ. पाण्याचा थेंब दोन्ही कातड्यांवर सारखाच मुरला. तासाभरानं तिनं निकाल दिला.

"दोन नंबर खरा. वजनदार आहे, सोल दाट आहे. बरोबर ना, भावोजी?"

भावोजींनी कान खाजवला. "बरोबर असेल."

"असेल म्हणजे?"

"अगं, मी लावले आकडे. मग म्हटलं, ही पोरगी हुशार, इतकं सोपं नको. म्हणून बदलले. मग परत बदलले. आता दोनदा बदलले का तीनदा…"

"कुठे लिहून ठेवलं नाहीत?"

"तू लक्षात ठेवा म्हणालीस. लिहा म्हणाली असतीस तर लिहिलं असतं की."

ताई दारात उभी होती. ओला हात पदराला पुसायचा तिचा राहूनच गेला. "तीन वाजता मालाची मोजणी आहे," ती म्हणाली. "सुपरवायझर बाई कपाट न् कपाट बघतात. माझ्या हातून नकली जोड तिथे गेला तर नुसती नोकरी जाणार नाही, चोर ठरेन मी. खरा घरी ठेवला आणि खोटा मांडला, असंच म्हणतील."

"तू चार वर्षं हेच बूट विकतेयस ना?" भावोजी म्हणाले. "हात लावून बघ."

ताईनं हात लावला, वास घेतला, सोल वाकवला. "मी खोक्यातून काढून देते हो. खोक्यात असला की खरा."

मोजपट्टीला एका जागी बसवेना. ओट्यापासून खिडकीपर्यंत तिनं वीसेक फेऱ्या घातल्या आणि मग थांबली. "ताई, तुमच्या गोदामात याच मापाचे आणखी जोड असतील ना? काटा घेऊन जा. त्यांचं वजन कळलं की याचं कोडं सुटेल."

दीड वाजता स्वयंपाकघरातला काटा ताईच्या डब्याच्या पिशवीतून शोरूमच्या गोदामात गेला. दोन्ही जोड मांडीवर घेऊन मोजपट्टी बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. तिचे गुडघे सारखे हलत होते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोनदा वळून पाहिलं आणि जरा सरकून बसले.

फोनवर ताईचे आकडे आले. आठशे अकरा. आठशे तेवीस. आठशे सतरा. आठशे आठ. आठशे वीस.

तिनं ते दोनदा वाचले. खऱ्या बुटांचं आपसातच पंधरा ग्रॅमनी पटत नव्हतं, आणि ती सहा ग्रॅमवर निकाल देऊन मोकळी झाली होती. पहिल्या वर्षाच्या पोरालाही विचारतात, की बाबा, एकाच मालात किती फरक पडतो ते आधी बघितलंस का? तिनं बघितलं नव्हतं. नकलीला पकडायच्या नादात खऱ्याची चौकशीच राहून गेली होती.

ताई बाहेर आली, पाठोपाठ कोणी नाही बघून खाली वाकली. "दे कुठलाही. ठेवून टाकते. निम्मी शक्यता आहे."

"आणि उरलेली निम्मी कोणाच्या तरी पायात जाईल. शिवाय रोज कपाटाकडे बघून तुझा जीव टांगणीला." मोजपट्टीनं पाकीट काढलं. "परत ठेवायचाच नाही. मी विकत घेते. कपाटातला जोड विकला गेला म्हटल्यावर मोजणीत काय निघणार?"

"इतके पैसे?"

"शिष्यवृत्तीतले साठलेत. बिल कर."

पण कपाटातल्या जोडाच्या बिलावर सुपरवायझर बाईंची सही लागायची. बाई आल्या. चष्मा डोक्यावर, हातात मोजणीचे कागद. ताईनं रिकाम्या खोक्यात एक नंबरचा जोड घालून पुढे केला होता. बाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचं बोट नाड्यांवर थांबलं.

"ही गाठ कोणी मारली? आपण नाड्या नुसत्या ओवतो."

मोजपट्टी काही बोलणार तोच ताईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "मी काल हा जोड न विचारता घरी नेला होता, मॅडम," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं सांगितलं. नकली जोड, आकडे, नवऱ्यानं केलेली अदलाबदल. मधे कुठे थांबली नाही. शेवटी तिनं दुसरा जोडही काउंटरवर ठेवला.

बाईंनी चष्मा खाली ओढला. एक बूट उचलला, मग दुसऱ्यातला एक. दिव्याखाली धरले. आतून अंगठा फिरवला. बराच वेळ गेला. मोजपट्टीला वाटलं, आता सांगतील. त्यांनी दोन्ही खाली ठेवले.

"बिल करा," बाई म्हणाल्या. "आणि दोन्ही घेऊन जा. माझ्या दुकानात आता यांतला एकही नको." मग ताईकडे वळून, "उद्यापासून दोन महिने तू गोदामात. गिऱ्हाइकासमोर यायचं नाही. ताकिदीचं पत्र तुझ्या फायलीला लागेल."

"नोकरी?" ताईनं विचारलं.

"गोदाम नोकरीतच येतं."

सुट्टीच्या पंधरा मिनिटांत दोघी बाहेरच्या पायरीवर बसल्या. ताईनं डबा उघडला. "सुटले," ती म्हणाली, आणि लगेच, "दोन महिने खोकी उचलायची. तुझ्या भावोजींना उचलायला आणते बघ एक दिवस."

"माझ्यामुळे झालं."

"नेला मी होता. तू नुसता गोंधळ वाढवलास."

मोजपट्टीनं फोन काढून दादाला सगळं लिहिलं. दोन्ही जोडांचा फोटो पाठवला. उत्तर चटकन आलं. 'दोन्ही आण. खरे समारंभाला, खोटे रोजला.'

ताईनं वाचलं आणि पहिल्यांदा हसली. "आता कुठले रोजचे, हे कोण सांगणार त्याला?"

मोजपट्टीनं दोन्ही जोड मांडीवर ओढले, एक एक हातानं तोलून पाहिला, आणि खाली ठेवून दिला.