बुधवारची रिबीन

पावणं, म्हशीच्या शिंगाला लाल रिबीन कसली म्हणून विचारताना हसू नका. ती हौसंनं बांधलेली न्हाय, रागानं बांधलीया. बसा, च्या येतोय तवर सांगते.

ही आमची वाडी मुरगूडच्या वाटंवर. बायकांची दूध संस्था हाय. सगळ्यांचं दूध एका मोठ्या थंड टाकीत साठतं आणि सांच्याला डेअरीचा टँकर येऊन घेऊन जातो. पर लाईट गेली की टाकी गरम. ह्या उन्हाळ्यात दूध एकदा नासलं, परत नासलं. डेअरीचा माणूस तोंडावर सांगून गेला, "आता एकदा जरी नासलं, तर टँकर वाडीत वळणार न्हाय." टँकर न्हाय तर संस्था न्हाय. आणि संस्था न्हाय तर आमच्या शेजारच्या नीलम्मानं काय करायचं? नवरा गेल्यापासनं तिची चूल दोन म्हशींवर पेटतीया.

म्हणून छपरावर सोलर बसवलं आणि खालच्या खोलीत बॅटरी. कपाटाएवढी. दिवसा उन्हावर भरती आणि लाईट गेली की टाकी चालवती. इचलकरंजीचा मृत्युंजय फिटिंग करून गेला. जाताना म्हणला, "मावशी, भरलीया बघा. हा दांडका वर केला की झालं."

झालं कुठलं! संस्थेचा सेक्रेटरी आकाराम, माझा चुलतदीर. त्यानं खोलीला कुलूप घातलं आणि दारावर आडवी लाल रिबीन बांधली. का? तर म्हणं उद्घाटन व्हायचंय. आधी तालुक्याच्या मोठ्या साहेबांची तारीख मिळंना. मग कोनशिलेवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, ह्यावरनं दोन गट भांडाय लागले. दगड कोरला, फोडला, परत कोरला. हिकडं बॅटरी रोज भरतीया आणि रोज तशीच बसतीया. काखंत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! त्या दारापुढनं जाताना माझ्या अंगाची लाही व्हायची.

मग एका बुधवारी भर दुपारी लाईट गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणं, आज काय येत न्हाय. टाकीत सकाळचं दूध काठोकाठ. नीलम्मा टाकीवर वली पोती टाकत हुती आणि रडत हुती. "अक्का, हे बी गेलं की आपलं," म्हणली.

मी तडक आकारामाच्या दारात. "भावजी, चावी द्या."

"धोंडूवैनी, जरा दमानं. रविवारी साहेब येत्यात. सगळं ठरलंय की."

"दूध रविवारपतोर थांबतंय व्हय?"

"अवो, आपणच चालू केली तर साहेब काय चालू करणार? चारचौघांत माझं नाक कापलं जाईल."

"तुमचं नाक ऱ्हावं म्हणून आमचं दूध नासवायचं? लाज कशी वाटत न्हाय? तुमच्या घरचं दूध बी त्याच टाकीत हाय!"

त्याची बायको मागं उभी राहून ऐकत हुती. तिनंच खुंटीवरची चावी काढून माझ्या हातात दिली. नवऱ्याकडं बघितलं बी न्हाय.

रिबीन मी वैरणीच्या विळ्यानं कापली. दांडका नीलम्मानं वर केला. टाकीची मोटार गुरगुरली आणि आम्ही बायका अशा वरडलो की मुरगुडात ऐकू गेलं असंल. सांच्याला टँकरवाल्यानं दूध हुंगलं, तपासलं आणि मुकाट्यानं नळी लावली.

आता तुम्ही म्हणशीला, संपलं. कसलं संपतंय! रविवारी साहेब आले. नवी रिबीन, हार, माईक, सगळा तामझाम. लाईट सकाळपासनं गेलती आणि टाकी बॅटरीवरच चाललती. तर साहेबांचा एक माणूस आकारामाला म्हणतो कसा, "ती जरा बंद करून ठेवा. भाषण झालं की साहेबांच्या हातनं चालू करू. फोटो पायजे." आणि आकाराम उठला की बंद करायला! अवो, बुधवारी सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस! माझं डोस्कंच फिरलं.

पर नीलम्मा माझ्या आधी उठली. कधी वर मान करून न बोलणारी बाई, दांडक्याला पाठ लावून उभी राहिली. "रिबीन कापा, हार घाला, फोटो काढा," म्हणली. "ह्याला हात लावायचा न्हाय. टाकीत माझ्या म्हशींचं दूध हाय." मागोमाग आम्ही सगळ्याजणी आत शिरलो. खोलीत पाय ठेवाय जागा राहिली न्हाय. साहेबांनी दाराभाईरच रिबीन कापली, टाळ्या घेतल्या आणि गेले.

कोनशिलेवर रविवारची तारीख हाय आणि साहेबांचं नाव. नीलम्माचं नाव कुठं बी न्हाय. मला त्याचाच राग येतो, अजून येतो. बुधवारच्या रिबिनीचं दोन तुकडं झालतं. एक ह्या माझ्या सोनीच्या शिंगाला बांधला, दुसरा नीलम्माच्या म्हशीच्या. दोघी रोज त्या दगडापुढनंच पाण्याला जात्यात. रिबीन कसली म्हणून कुणीतरी विचारतंच, मग उद्घाटन कवा झालं आणि कुणी केलं ते सांगता येतं. तुम्ही बी विचारलंसाच की.