तळाशी लिहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची झारी आहे. गोल पोट, लांब तोटी, वर धरायला दांडी. माझं वय विचारू नका, साडेतीनशेच्या आसपास धरून चाला. आणि हो, मी पहिल्यापासून वात्रट आहे. समोरचा माणूस फारच ताठ बसला असला, की माझ्या तोटीतून एक थेंब बरोब्बर त्याच्या मांडीवर पडतो. आजपर्यंत मला कुणी पकडलेलं नाही.

माझा जन्म जपानमधल्या हिनोसे नावाच्या एका चिमुकल्या संस्थानात झाला. किती चिमुकलं? डोंगरावर चढून जोरात शिंकलात, तर शेजारच्या संस्थानातला माणूस दचकायचा. तिथे राज्य किती मोठं ते भातावरून ठरायचं. दहा हजार माणसांना वर्षभर पुरेल एवढा तांदूळ पिकला, तरच त्या घराला राजा म्हणायचे. आमचं हिनोसे त्या रेषेवर कसंबसं टेकलं होतं. किल्ला बांधायची परवानगी नाही, नुसतं एक मोठं घर. आमच्या राजाला एक वर्षाआड लवाजमा घेऊन राजधानीत हजेरी लावावी लागायची. आमच्याकडे माणसंच कमी! मग शहराची वेस जवळ आली, की भाड्याने माणसं आणायची, त्यांच्या हातात भाले द्यायचे आणि छाती काढून आत शिरायचं. मी पेटीच्या फटीतून बघायचे आणि आतल्या आत खुळखुळ हसायचे.

हिनोसेला एकूण नऊ राजे झाले. पहिल्याने मला घडवून घेतलं. तो इतका घोरायचा की पहारेकऱ्यांना जागं राहायला त्रास पडत नसे. दुसऱ्याला लावे पक्षी पाळायचं वेड. तिसरा विजेला घाबरायचा, आणि तो लवकर गेला. मागे राहिला त्याचा सात वर्षांचा एकुलता एक मुलगा, मात्सुचियो. तो झाला चौथा राजा.

एवढंसं पोर, पण मानाच्या बैठकीत दोन-दोन तास हलायचं नाही! मला चुलीवर कधी ठेवत नसत, अशा बैठकींत पाणी वाढायचं एवढंच माझं काम. एकदा म्हातारा दिवाण लांबलचक भाषण करत होता. मी टपकन थेंब टाकला, नेमका त्याच्या नको त्या जागी. मात्सुचियो खुदकन हसला. माझ्यातून वाढणारी त्याची दाई ओसेन, तिनेही ओठ चावला. आणि पडद्यामागून आणखी एक जण हसला. तो ओसेनचा स्वतःचा मुलगा, तोमेकिची. दोघं एकाच वयाचे, एकाच अंगावर दूध प्यायलेले, उंचीलाही सारखे.

मित्रांनो, त्या हिवाळ्यात मात्सुचियोला ताप आला आणि सहाव्या दिवशी तो गेला.

आता सगळ्या जपानवर हुकूम चालवणाऱ्या शोगुनचा कायदा असा, की वारस नसलेला राजा मेला तर त्याचं राज्य संपलं. घर मोडायचं, जमीन काढून घ्यायची, शेकडो कुटुंबांनी रस्त्यावर यायचं. दिवाण ओसेनच्या पायाशी बसला. तोच, थेंबवाला. म्हणाला, "तुझा मुलगा दे."

दुसऱ्या दिवशी राजाच्या कपड्यांत तोमेकिची बसला. मात्सुचियोला गुपचूप पुरलं, वर नावाचा दगडसुद्धा ठेवला नाही. गावात सांगितलं, की दाईचा मुलगा नदीत वाहून गेला. एक मुलगा मातीत गेला, दुसरा त्याच्या नावात गेला.

ओसेन मात्र कामावर राहिली. रोज स्वतःच्या मुलासमोर कपाळ जमिनीला टेकवायचं आणि त्याला "सरकार" म्हणायचं. तिने कारागिराकडून बोटभर काळं रोगण मागून आणलं आणि मला उलटी केली. तळाकडे कोण बघतंय? तिथे तिने बारीक अक्षरांत लिहिलं, "तोमेकिची. वय सात. याची आई ओसेन." रोगण वाळलं, अक्षरं जरा वर उठून राहिली.

त्यानंतर दर बैठकीत नवा राजा वाढून घेताना एक हात माझ्या तळाशी धरायचा. सगळ्यांना वाटे, काय नम्र राजा आहे! तो बोटांनी आपलं नाव वाचत असे. आई मान खाली घालून ओतत राही. त्या दोघांच्या मध्ये असताना मी एकदाही थेंब सांडला नाही. साठाव्या वर्षापर्यंत त्याने राज्य केलं. पुढचे पाचही राजे त्याच्याच वंशातले.

मग जपानमधली सगळी संस्थानं खालसा झाली. सामान विकलं गेलं, मीही गेले. एका जपानी फोटोवाल्याच्या ट्रंकेतून सिंगापूरला उतरले. तो गेला, मी राहिले. कुणी माझ्यात मनीप्लांट लावलं, कुणी दाराला टेकू म्हणून ठेवलं. अंगावर काळा थर चढत गेला. शेवटी एका भंगारवाल्या अंकलनी मला जुन्या बाजारात चटईवर मांडलं.

तिथे २०१५ साली मला निहारिका भेटली. सिंगापूरच्या सेरंगून भागात राहणारी पुण्याची मुलगी. विद्यापीठात जपानच्या इतिहासावर संशोधन करायची, आणि ऐका, चार वर्षं तिचा विषय होता हिनोसे! माझ्यावरचं राजघराण्याचं चिन्ह बघून ती चटईवर मटकन बसलीच. अंकल म्हणाले, "ओन्ली टीपॉट, गर्ल. व्हाय यू क्राय?"

तिला संशय होता, की चौथा राजा लहानपणीच बदललाय. त्याच्या वैद्याची रोजनिशी एका हिवाळ्यात मधेच थांबते, एवढाच तिच्याकडे धागा. घरी आल्यावर तिने मला उलटी केली, टॉर्च मारला आणि ओरडली, "अनिश, इकडे ये! इथे 'आई' लिहिलंय. पुढे-मागे अजून आहे, पण झिजलंय, आणि काळ्यावर काळं आहे."

तिचा नवरा अनिश तिथल्याच वन-नॉर्थ भागात सॉफ्टवेअर कंपनीत. त्याने मोबाईलने फोटो काढला. नुसता काळा गोल आला. "सोमवारी लॅबमध्ये खास प्रकाशाखाली फोटो काढणार," निहारिका म्हणाली. "राजाच्या झारीवर कुणाची आई असेल रे? मुलाचं नाव मिळालं ना, तर तो मुलगा सापडला." मी आनंदाने एक थेंब अनिशच्या लॅपटॉपशेजारी टाकला.

तो शुक्रवार होता. मंगळवारी दिवाळीची पहिली अंघोळ. अनिशचे आईबाबा, विमलताई आणि मनोहरराव, नातीसोबत सण करायला आले होते. मनोहररावांचा पुण्यात एक रिवाज होता. दिवाळीआधी घरातली तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून तेच घासायचे, कारण विमलताईंचे हात दुखत. इथे फ्लॅटमध्ये घासायला तांबंच नाही, म्हणून बिचारे दोन दिवस चुळबुळत होते. शनिवारी निहारिका बाहेर गेली आणि त्यांना शेल्फवर मी दिसले.

"बघ गं, काय काळीकुट्ट ठेवलीय! दिवाळीत असं ठेवतात का?"

"आधी तिला विचारा," विमलताई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? चकचकीत करतो, खूश होईल. गार्गीला हिच्यातून अंघोळ घालू."

सात वर्षांची गार्गी धावत आली, आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत. "आजोबा, मम्मी सेड डोन्ट टच लाह!"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय, पिल्ला."

मित्रांनो, मी काय काय केलं नाही! हातातून सटकले. सिंकमध्ये आपटले. तोटीत साठलेलं पाणी त्यांच्या बनियनवर उडवलं. ते खो खो हसले. "वात्रट आहे की झारी!" म्हणाले आणि आणखी जोरात घासायला लागले. जन्मभर खोड्या केल्या, आणि एकदाच खरं सांगायचं होतं तेव्हा तीही खोडीच वाटली.

मग त्यांचा अंगठा तळाला लागला. "हे काय डांबरासारखं चिकटलंय?" तारेची घासणी चालेना, तर चमच्याच्या दांड्याने खरवडलं. तीनशे वर्षांपूर्वीचं रोगण ते, पापुद्रे होऊन निघालं. आधी आई गेली, मग वय गेलं. नाव सगळ्यात शेवटी गेलं. सिंकमधलं पाणी फिरलं आणि जाळीतून उतरलं.

निहारिका आली. मला बघून जागीच थांबली. हळूच उलटी केली.

"बाबा, हे खालचं...?"

"फार चिवट होतं बरं का! पण ठेवलं नाही काही." मनोहरराव कौतुकाची वाट बघत उभे. बोटं चिंचेने सुरकुतलेली.

ती स्वयंपाकघरात खाली बसली. मग म्हणाली, "छान चमकतेय, बाबा."

अनिशकडून संध्याकाळी त्यांना सगळं कळलं. जेवले नाहीत. निहारिकाजवळ येऊन म्हणाले, "पोरी, किती अक्षरं होती गं?"

"माहीत नाही, बाबा. सोमवारी वाचणार होते."

मंगळवारी पहाटे गार्गीला पाटावर बसवलं, तेल-उटणं लावलं. मनोहरराव मला उचलेनात. तेव्हा निहारिकानेच मला त्यांच्या हातात दिलं. "घाला बाबा. हिने मुलं बघितलेली आहेत." त्यांनी हळूहळू ओतलं.

"मम्मी, ही कुणाची झारी?" गार्गीने विचारलं.

"एका मुलाच्या आईची."

"त्याचं नाव काय?"

निहारिका माझ्या गुळगुळीत तळावरून बोट फिरवत राहिली. "ते नाही गं माहीत."

मला माहीत होतं. मी टपटप थेंब टाकले. गार्गी हसली, बस्स. थेंबांची भाषा कुणाला येते?

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे आले. जुन्या वस्तूवर काळं दिसलं, की लगेच घासणी उचलू नका. आधी उलटी करून बघा, घरच्यांना विचारा. काळं म्हणजे घाणच असते असं नाही. कधी तिथे कुणाची तरी आई असते.

आणि माझं एक काम करा. त्याला त्याच्या नावाने शेवटची हाक मारली गेली, तेव्हा तो सात वर्षांचा होता. तोमेकिची. मोठ्याने म्हणा, एकदाच. तोमेकिची.