यमुनाकाकूंच्या कुकरातला बोल्ट

कुकराची मूठ हलते, एवढंच काम होतं. तानाजी दर मंगळवारी झाशीहून बसनं बरुआसागरला उतरायचा आणि हत्यारांची पेटी खांद्याला लावून तळ्यापलीकडच्या अद्रकवाल्यांच्या गल्लीत शिरायचा. तीस वर्षं हाच कुकरदुरुस्तीचा धंदा. त्याच्या हाताखालून काय गेलं नाही म्हणता? आधी जाड बुडाचे, वरून झाकण बसवायचे. मग झाकण आत सरकवायचे, मग चकचकीत स्टीलचे. आता तर बटणवाले आलेत, त्यांना शिट्टीच नाही. त्यांच्यापुढं बिचाऱ्याचं काही चालत नव्हतं. पण जुना कुकर हातात आला की गडी खुलायचा.

यमुनाकाकूंचं झाकण त्यानं उलटं केलं आणि त्याचा हात थांबला. वाफ जास्त कोंडली की जो वितळून वाट मोकळी करतो, त्या सेफ्टी वॉलच्या जागी लोखंडी बोल्ट होता. माथा कानशीनं घासून गोल केलेला. हे काम कुणाचं, ते त्याला विचारायची गरजच नव्हती.

गल्लीतल्या बायकांची रीत अशी की डाळ गॅसवर चढवायची, शेतात जायचं आणि बांधावरून शिट्ट्या मोजायच्या. चौथीला घरी पळायचं. अद्रकाची काढणी जोरात असली की मोजणी चुकायची, पाणी आटायचं, वॉल उडायचा आणि डाळ छताला. काकूंचं तीनदा असं झालं. त्या जुन्या कुकराचा वॉल झाशीच्या बाजारात मिळेना. तेव्हा तानाजीनंच बोल्ट पिळून दिला होता. दोन दिवस काढा, मी कानपूरहून मागवतो, म्हणाला होता. मागवायचं राहून गेलं. सात वर्षं झाली त्याला.

"काकू, आजपासून हा गॅसवर चढवायचा नाही," तो म्हणाला.

"का रे बाबा? तेव्हापासून एकदाही तक्रार नाही याची."

तानाजीनं सगळं सांगितलं. फुटला तर हात जातील, तोंड जळेल, चूक माझीच आहे, म्हणून हात जोडले. भूषणनं, काकूंच्या लेकानं, बिजौलीहून आणलेला बटणवाला माळ्यावर खोक्यातच होता, तो काढा म्हणाला. बिजलीचा काय भरवसा, आणि शिट्टी नाही तर मला शेतात कळणार कसं, असं काकूंचं उत्तर. माझ्या घरचा नवा देतो म्हणाला, तर त्या हसल्या. शेवटी त्यानं झाकण आपल्या पेटीत टाकलं, तेव्हा मात्र त्या उठल्या.

"तू बसवलायस म्हणून तर मी बिनघोर जाते रे. दुसऱ्या कुणी बसवला असता तर मी भ्याले असते."

असं म्हणून त्यांनी झाकण पेटीतून काढून घेतलं. म्हाताऱ्या बाईच्या हातातून ते ओढून घ्यायचं कसं? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात शेजारची जानकी तिचं झाकण घेऊन आली. तिचा कुकर स्टीलचा, जेमतेम तीन वर्षांचा, आणि रबर ढिलं झालेलं. तानाजीनं झाकण उलटं केलं. त्यातही बोल्ट होता, ट्रॅक्टरचा.

"ये किसने लगाया?"

"हमाए इनने. काकी को देख के," जानकी नवऱ्याच्या कौतुकानं म्हणाली. गल्लीतल्या पाच-सहा घरांत बसवलाय, आता कुणाचीच डाळ वाया जात नाही, हेही तिनं सांगितलं.

तानाजीनं बोल्टाला पाना लावला. जानकीनं हसत झाकण मागे घेतलं. भैया, आधी जेवण तर होऊ द्या, म्हणाली आणि गेली. काकूंनीही गॅस पेटवला, डाळ चढवली आणि विळा घेऊन शेताकडे निघाल्या.

तानाजी दारातल्या ओट्यावर बसून राहिला. बसची वेळ टळून गेली. घराघरांतून शिट्ट्या यायला लागल्या, इकडून एक, तिकडून दोन. एखादी जरा लांबली की त्याचा जीव टांगणीला लागायचा. कुठल्या घराकडे धावावं, ते त्याला कळत नव्हतं.

बांधावरून काकूंनी हाक मारली, "अरे, बसलाच आहेस तर शिट्ट्या तूच मोज. चार झाल्या की बंद कर."

"मोजतो," तानाजी म्हणाला.