सोन्याची तार आणि कालिंदीचे दात

मित्रांनो, मी एक जुनी, तुटकी तार आहे. सोन्याची आहे, पण माझा हेवा करू नका. मला त्या सोन्याचीच लाज वाटते.

काशीच्या रामघाटावर बिंदुमाधवशास्त्री वेद शिकवतात. त्यांची मुलगी कालिंदी. तिचे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत. हसू आले की तिचा हात तोंडावर जाई. ती बारा वर्षांची असताना विलायतेत शिकून आलेले डॉक्टर नीलकंठ म्हणाले, दात मागे नेता येतील. शास्त्रीबुवांनी तिच्या दिवंगत आईची पाटली काढून दिली. ती वितळवून, थोडे तांबे मिसळून मला घडवले. मला दातांवर बसवल्यावर कालिंदीने आरशात पाहून विचारले, "दिवाळीपर्यंत होईल?" मी मनात हो म्हटले. केवढी माझी फुशारकी!

मी पडले मऊ. तिने चणे खाल्ले की मी वाकायची. डॉक्टर दर आठवड्याला मला ताणून बसवत आणि चार दिवसांत मी पुन्हा ढिली. दोन दिवाळ्या गेल्या. दात तांदळाच्या दाण्याएवढेही सरकले नाहीत.

मग डॉक्टरांकडे न गंजणाऱ्या पोलादाची नवी तार आली. माझ्याहून बारीक, आणि वाकवली तरी परत सरळ होणारी. मला तिचा राग आला, पण कालिंदीसाठी बरेही वाटले.

"लोहा?" शास्त्रीबुवा ताडकन उठले. "डॉक्टरसाहेब, सोवळ्यातला नैवेद्य हीच रांधते. तोंडात लोहा ठेवून?"

"हे गंजत नाही, शास्त्रीबुवा."

"न गंजू दे. लोहा तो लोहाच. सोनं शुद्ध आहे, तेच राहू द्या."

"नाना, बदलू द्या ना," कालिंदी म्हणाली. "शाळेत मुली मला चिढवतात."

"चुप बस."

पुढच्याच महिन्यात पेरू चावताना मी तुटले. शास्त्रीबुवांनी उपचारच थांबवले. दात जे केसभर सरकले होते, तेही वर्षभरात परत जागेवर आले.

दहा वर्षांनी शास्त्रीबुवांचे स्वतःचे दात पडले. मंत्रांचे उच्चार बिघडू लागले, तेव्हा त्यांनी त्याच डॉक्टरांकडून कवळी करवून घेतली. तिचा टाळूला लागणारा पत्रा त्याच पोलादाचा. शेजारच्या यज्ञेश्वरभटजींनी विचारले, "लोहा चालतो का तुम्हांला?"

"अहो, हे गंजत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

कालिंदी जवळच पाने वाढत होती. लग्न न जमल्यामुळे ती अजून घरीच आहे. तिने तोंडावर हात ठेवला. ती हसत नव्हती.

माझा तुकडा देवघरात रेशमात गुंडाळून ठेवला आहे. अखेरच्या घटकेला गंगाजल आणि तुळशीपत्रासोबत मला शास्त्रीबुवांच्या तोंडात घालायचे ठरले आहे. सणावारी मला पुसून ठेवते ती कालिंदीच.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी सांगतात की आम्हांला जपा. मी सांगणार नाही. मला खुशाल गंगेत फेका. जपायचे होते ते एका पोरीचे हसू. दोन वर्षे मी तिच्या तोंडात होते, आणि ते मी एकदाही पाहिले नाही.