रस्त्याकडची जास्वंद

विमलाताईंच्या जास्वंदींची छाटणी फुकटात करून देण्यात उद्धवरावांचा फायदा सरळ होता. रस्त्याकडच्या फांद्या राखायच्या, अंगणातल्या उडवायच्या. पहाटे आकडीच्या काठीनं फुलं ओढायची सोय कायम, वर शेजारधर्माचं नाव.

परभणीतल्या आमच्या कॉलनीत गणपतीला पहिला हार घालायचा मान उद्धवरावांचा. फुलं विमलाताईंच्या कुंपणावरची, न विचारता तोडलेली. "फांदी रस्त्यावर आली की झाड सगळ्यांचं," हा त्यांचा कायदा. पण यजमान गेले त्या वर्षी विमलाताई स्वतः परडी घेऊन मांडवात गेल्या, तेव्हा याच गृहस्थांनी बायकांसमोर ती परत केली. "वाईट वाटून घेऊ नका ताई, पण विधवेच्या हातचं फूल देवाला चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे आकडी पुन्हा कुंपणावर होतीच. विमलाताई शाळेतून निवृत्त झालेल्या. पोरांना वठणीवर आणायला घाई करायची नसते, हे त्यांना कळत होतं. त्या झाडांना पाणी घालत राहिल्या.

यंदा वैशाखात वादळानं माजलेल्या जास्वंदी पार वाकवल्या. रस्त्याकडच्या फांद्या बुडाशी उकलल्या. उद्धवराव कात्री घेऊन हजर.

"तुमी बसा सावलीत. मी करतो नीट."

"रस्त्याकडचं काय करायचं, भाऊजी?"

"राहू द्या ते, कळ्या हायत त्याला. आतलं लय रान झालंय."

उकललेली फांदी धड लाकडापर्यंत कापली नाही तर पाणी मुरून कुजते आणि जास्वंद फुलते ती नव्या फुटव्यावर, हे विमलाताईंना पक्कं ठाऊक होतं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण हाय. आतलं अजून खाली घ्या की." वर पन्हंही दिलं.

उद्धवरावांनी आतल्या फांद्या गुडघ्यापर्यंत आणल्या. रस्त्याकडच्या मात्र सुतळीनं जपून बांधल्या.

चतुर्थीला अंगण लालभडक, रस्त्याकडे नुसत्या काटक्या. आकडी आत पोचेना. आरती खोळंबली, तसे उद्धवराव फाटकाशी आले. मागोमाग त्यांच्या पत्नी राजेश्री आणि निम्मी कॉलनी.

"ताई, आतून थोडी फुलं तोडू का?"

"तुमी कशाला? मीच देते. चालतील ना माझ्या हातची?"

"...चालतील."

"तिकडं बायकांकडं तोंड करून सांगा. त्यांना ऐकू आलं न्हाई."

"चालतील म्हणलं ना!"

"मग धरा ओंजळ." विमलाताईंनी एकेक फूल सावकाश टाकलं, सगळ्यांना दिसेल असं.

राजेश्रीबाईंनी नवऱ्याच्या ओंजळीतली फुलं काढून परडीत घातली. "सरका तुमी. ताई, चला, हार तुमीच घाला."

उद्धवरावांचा मान गेला, तो सगळ्या कॉलनीनं पाहिला. विमलाताईंचं काय गेलं ते कुणी विचारलं नाही. कोपऱ्यातली जास्वंद सगळीच रस्त्याकडे झुकलेली, म्हणून तिला कात्री लागलीच नव्हती. कूज बुंध्यात उतरून ती मुळापर्यंत वाळली. ती यजमानांनी लावलेली होती. पन्ह्याचा पेला पुढे करताना विमलाताईंनी ती खर्ची टाकली होती.