मुक्या गाड्यांचा रस्ता

गुनवोर पांढरी काठी फुटपाथच्या कडेला टेकवून उभी होती आणि मनातल्या मनात अख्ख्या बर्गन शहराला शिव्या घालत होती. समोर झेब्रा पट्टे, पलीकडे चर्चचा हॉल, हॉलमध्ये तिच्या गायनवृंदाची तालीम. एवढासा तर रस्ता. पण आज तो एकटीने ओलांडता आला नाही तर आपलं घर सुटलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात इथेच एका गाडीने तिच्या हातातली काठी उडवली होती. काठीवरच निभावलं, पण लेक इंगुन्न हट्टाला पेटली.

"बास झालं, आई. शनिवारी मी येते, सामान बांधू. आता आस्कोय बेटावर आमच्याकडेच राहायचं."

"तिथे काय करू? तुझ्या सोफ्यावर शोभेची बाहुली होऊन बसू?"

"निदान जिवंत तरी राहशील! आणि एवढी खुमखुमी असेल तर एकदा धड ओलांडून दाखव तो रस्ता. मग मी तोंड उघडणार नाही."

म्हणून आज शनिवारी, लेक घरी पोचायच्या आत गुनवोर बाहेर पडली होती.

नजर गेली तेव्हा ती तिशीत होती. तेव्हापासून तिचा सगळा भरवसा कानांवर. बस घरघरत येऊन थांबली की पाऊल टाकायचं, इतकं ते सोपं होतं. पण तेव्हा थंडीत डोंगरांच्या मधोमध धूर कोंडायचा आणि दम्याची गुनवोर खिडक्या लावून घरात पडून असायची. मग विजेच्या गाड्या आल्या, विजेच्या बस आल्या; धूर गेला, आवाजही गेला. छातीतली शिट्टी थांबली, ती पुन्हा गायला लागली. ते उपकार ती नाकारत नव्हती. पण श्वास देऊन कान काढून घेतले, याला काय म्हणायचं?

ओल्या रस्त्यावर टायर चर्र वाजले. एक बारीक गुणगुण जवळ आली आणि बंद पडली. गाडी थांबली, की वळून गेली? माझ्यासाठी थांबली, की बेकरीत पाव घ्यायला? या गावात पट्ट्यांपाशी माणूस दिसला की गाडी थांबतेच, त्याबद्दल वाद नाही. पण कुणी हॉर्न म्हणून वाजवणार नाही. अनोळखी माणसाला हाक मारणं म्हणजे तर जणू त्याच्या घरात घुसणं.

तिने एक पाऊल खाली टाकलं. उजवीकडे काहीतरी सळसळलं. ती दचकून मागे आली. परत फिरावं, मुकाट्याने सामान बांधावं, असं तिला खरोखरच वाटलं. मग त्या वाटण्याचाच तिला असा काही संताप आला की ती खच्चून ओरडली.

"कोण आहे रे तिथे? थांबलायत की नाही? तोंड आहे ना? बोला!"

एका गाडीची काच खाली सरकली.

"माफ करा," एक पुरुषी आवाज ओशाळून म्हणाला. "मी थांबलोय. मघापासून."

"मघापासून? मग दातखीळ बसली होती का?"

"नाही, म्हटलं... मी घाई करतोय असं तुम्हाला वाटू नये."

"देवा! आणि पलीकडच्या बाजूला?"

"आहे ना, एक निळी गाडी आहे. तीही थांबलीय, माझ्या आधीपासून." तो घुटमळला. "आतल्या बाई बहुतेक रडतायत."

दुसरी काच उतरली.

"आई, मी आहे."

गुनवोरने आवाजाच्या दिशेला मान वळवली. "इंगुन्न? केव्हापासून?"

"तू कडेला आलीस तेव्हापासून. मी थांबले, तरी तू हलेचनास. मला वाटलं, झालं, आता हिला जमत नाही. सगळं संपलं." तिचा आवाज चिरकला. "मी तुझ्या समोर होते गं. आणि तुला ते कळायला काही मार्गच नव्हता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुझ्या नाही, कुणाच्याच आलं नाही," गुनवोर म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही. "आता बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. दुपारी काय रांधणार ते सांग."

"मासळीचं सूप," इंगुन्न नाक ओढत म्हणाली. "गाजर घालून. साय घालून..."

"मीही थांबलेलोच आहे हं!" अलीकडचा माणूस घाईघाईने ओरडला.

गुनवोरने काठी पुढे केली आणि त्या दोन आवाजांच्या मधून चालू लागली. निळ्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"बस ना, आई."

"तालीम आहे मला," गुनवोर म्हणाली आणि पलीकडचा फुटपाथ चढली.