मंगळवारची मगर

मगरीचा शेवटचा दात पांढरा करून ओकाय दोन पावलं मागे सरला, तर त्याची टाच नेमकी बापाच्या, अडोटेच्या, पायावर पडली. म्हातारा कधीचा येऊन उभा होता कोण जाणे.

"समुद्रात मगर?" अडोटेने विचारलं.

मैद्याची दोन पोती उसवून, एकमेकांना शिवून ताणलेल्या कापडावर निळ्या बिबट्याची बहीण कंबरभर पाण्यात उभी होती. एका हाताने तिने भरलेली बस डोक्यावर उचलली होती, दुसऱ्या हाताने मगरीचा जबडा फाडला होता आणि तोंडातून आग ओकत होती. निळ्या बिबट्याच्या सिनेमाने गेल्या वर्षी अख्ख्या टेशी गावाला वेड लावलं होतं. त्याच सिनेमाला आता ही बहिणीची फांदी फुटली होती. हॉलवाल्या टेकोने अक्रा शहरातून कॅसेट आणायची, "बहीण आहे, समुद्र आहे, पुढचं तू बघ" म्हणायचं आणि पुढचं चित्रकाराने मनानेच बघायचं, अशी रीत. आधी सिनेमा पाहून मग पाटी रंगवणारा माणूस त्या किनाऱ्यावर अजून जन्मायचा होता.

"सिनेमात आहे ती, बाबा," ओकायच्या तोंडून निघून गेलं.

"खाऱ्या पाण्यात जन्म गेला माझा. मगर नाही दिसली कधी."

"तो अमेरिकेचा समुद्र आहे."

"असेना. मीठ तर तेच ना?"

ओकायच्या कानशिलात रक्त चढलं. जाळ्याचा दोर सोडून त्याने कुंचला धरला तेव्हापासून बापाने त्याच्या एकाही चित्राकडे धड पाहिलं नव्हतं. कोणी विचारलं, पोरगा काय करतो, की म्हातारा म्हणे, "खोटं विकतो. बरं चाललंय."

"मग या की बघायला," ओकाय म्हणाला. "मंगळवारच आहे आज."

मंगळवारी समुद्राचा देव झोपतो, होड्या वाळूवर असतात आणि मंगळवारची दुपार टेकोच्या हॉलची असते. पण अडोटेने त्या हॉलचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. म्हणून तर ओकाय एवढं बोलून गेला होता.

"येतो," म्हातारा म्हणाला. "मगर दिसली तर तुझ्या रंगांना पुन्हा नाव ठेवणार नाही. नाही दिसली, तर डबे गुंडाळायचे आणि उद्या पहाटे होडीवर हजर व्हायचं. आहे कबूल?"

आता नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ओकायने मान हलवली. त्या क्षणापासून तो मनातल्या मनात एकच धावा करत होता: असू दे रे बाबा, कुठेतरी एखादी मगर असू दे.

दुपारी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा उरली नाही. खिडक्यांना काळे पडदे, भिंतीशी टीव्ही, बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेले होडीवाले आणि दारापाशी मक्याच्या पिठाची केंकी नि तळलेल्या माशाचं घमेलं घेऊन बसलेली डेडे मावशी. अडोटे आत आला तसा गलका थांबला. "नूमो आले, नूमो आले," करत पोरांनी या वडीलधाऱ्यासाठी पुढचा बाक रिकामा केला. म्हाताऱ्याने सणासुदीचं वस्त्र खांद्यावर घेतलं होतं. ओकाय भिंतीला टेकून उभा राहिला, बापाच्या बरोब्बर मागे.

सिनेमा सुरू झाला. बिबट्याची बहीण एका बंदरावरच्या गावात राहत होती. तिच्या अंगात भावाइतकीच ताकद होती, पण ती मारामारी करायचीच नाही. ती भांडी घासायची. आईशी वाद घालायची. खिडकीत बसून पाण्याकडे बघायची, आणि बघायची म्हणजे बघतच राहायची.

"अगं, कोणाला तरी हाण!" मागून एकजण ओरडला.

"भांडी झाली का घासून? आमच्याकडेही ये मग!" डेडे मावशी म्हणाली आणि हॉलभर खसखस पिकली.

पण हसण्याचं हळूहळू कुरकुरणं झालं. एक गुंड आला, तर बाईने त्याला खुर्ची देऊन पाणी पाजलं. "पैसे परत!" कोणीतरी बाकावर मूठ आपटली. टेको सरकत सरकत मागच्या दारापाशी गेला आणि त्याने कडी काढून ठेवली. ओकायला बापाची फक्त मान दिसत होती. ती अजिबात हलत नव्हती. शेवटी म्हाताऱ्याने मागे न वळताच विचारलं, "मगर जेवायला गेलीय का?"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. ओकायच्या डोळ्यांपुढे उद्याची पहाट आली, थंड वाळू आली, आपले रंगाचे डबे चिंध्यांत गुंडाळलेले दिसले.

एवढ्यात पडद्यावर वादळ सुटलं.

माणसांनी भरलेली एक मोठी बोट धक्क्यापासून तुटून खडकांकडे निघाली. तिचा दोर धक्क्यावरून सळसळत पाण्यात चालला होता. बहिणीने धावत जाऊन तो पकडला, पाठीमागून फिरवून घेतला आणि उभी राहिली.

बस्स. उभी राहिली. उडाली नाही, गरजली नाही, आग ओकली नाही. बोट ओढत होती आणि ती धरून होती. वाजंत्री थांबली. फक्त पाणी, दोराची करकर आणि तिचा श्वास.

अक्रात म्हणे लोक इथेच उठून गेले होते. टेशीत कोणी उठलं नाही. मूठ आपटणाऱ्याची मूठ तशीच वर राहिली.

दोर हातभर सुटला. तिच्या तळव्यांची साल निघाली. हॉलमधल्या सगळ्या छात्यांतून एकदमच 'आई गं' निघालं. सुटणारा दोर तळव्याचं काय करतो, हे तिथे कोणाला सांगायला नको होतं.

"पाय रोव," कोणीतरी हळूच म्हणालं.

ओकायने चमकून पाहिलं. बाप बोलत होता.

"पाय रोव, पोरी. कंबर खाली घे. हातांनी नको ओढू, पाठीने धर. अस्सं. अस्सं गं माझे आई."

म्हातारा उठून उभा राहिला होता. वस्त्र खांद्यावरून घसरलं होतं, त्याचं भान नव्हतं. दोन्ही मुठी हवेत आवळलेल्या, गुडघे वाकलेले. मान मागे टाकून त्याने जाळं ओढतानाची हाळी दिली, "एऽऽ हो!"

मग सगळा हॉल एका दमात उठला. "हो!"

"एऽऽ हो!"

"हो!"

बाकं उलटली. डेडे मावशीसुद्धा घमेलं सोडून उभी राहिली, तीही पाय रोवून. काळे पडदे थरथरले. दोर ओढला जावा तशी ती सगळी माणसं एका लयीत मागे झुकत होती आणि पडद्यावरची बाई एकेक पाऊल मागे येत होती. ओकायच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याला वाटलं, ही जर आता थांबली तर बोट खरंच जाईल. मग तोही ओरडायला लागला.

बोट धक्क्याला लागली. माणसं उतरली. बहीण दगडावर बसली आणि तिने प्यायला पाणी मागितलं. सिनेमा संपला.

टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या तरी कोणी हललं नाही. पैसे परत मागायचं कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. टेकोने मागच्या दाराची कडी गुपचूप लावून टाकली.

बाहेर पाटीपाशी अडोटे थांबला. ओकाय समोर आला. त्याला बापाच्या तोंडाकडे पाहवेना.

"मगर नव्हती," म्हातारा म्हणाला.

"नव्हती, बाबा. मी सिनेमा पाहिलाच नव्हता."

अडोटेने वस्त्र सावरलं आणि तो वाळूवरून निघून गेला.

शब्द तो शब्द. रात्री ओकायने डबे गुंडाळले आणि पहाटे तो होडीपाशी हजर झाला. माणसं होडी ढकलायच्या बेतात होती. अडोटेने पोराला खालून वर न्याहाळलं, दोराचं एक वेटोळं उचललं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं. मग पुतण्याकडे वळून म्हणाला, "आज तुम्हीच जा रे. मला काम आहे."

पुतण्या बघतच राहिला. नूमोंना घेतल्याशिवाय ती होडी कधी पाण्यात गेली नव्हती.

"चल," बाप ओकायला म्हणाला आणि वस्तीकडे चालू लागला.

पाटीसमोर येऊन त्याने दोराचं एक टोक खांबाला बांधलं, दुसरं पाठीमागून फिरवून घेतलं, पाय रोवले आणि दोर ताणला. तळव्यांवरचे जुने वळ सकाळच्या उन्हात पांढरे दिसत होते.

"तिचे हात तू चुकीचे काढलेस. असे असतात. काढ."

ओकायने पाटीमागे ठेवलेल्या डब्यांच्या चिंध्या सोडून ते उघडले. एवढी वर्षं हे हात त्याने इतक्या जवळून पाहिले नव्हते. म्हातारा दोर ताणून उभा राहिला आणि ओकाय रंगवत राहिला. बस पुसली गेली, आग पुसली गेली, बहिणीच्या हातात दोर आला. ऊन डोक्यावर आलं. मग ओकायने रुंद कुंचला निळ्या रंगात बुडवला आणि मगरीकडे वळवला.

"ए," म्हातारा ओरडला. "तिला हात लावू नकोस."

"पण बाबा, ती तर खोटी आहे."

"असू दे," अडोटे म्हणाला. त्याने दोर जराही सैल सोडला नव्हता. "ती नसती तर मी आलो असतो होय?"